बाईंचं शेवटचं वाक्य

अण्णा,

उद्या रविवार आहे. दुपारच्या कॉफीला बाईंचा मुलगा वोल्फ्सबुर्गहून येणार आहे आणि तो मला एक प्रश्न विचारणार आहे. तो प्रश्न मला माहीत आहे, म्हणून सकाळपासून माझे तळपाय गार पडलेत. शाळेत असताना परीक्षेच्या आदल्या दिवशी पडायचे तसेच. तेव्हा तुम्ही कारखान्यातून आलात की काही न बोलता माझे पाय मांडीवर घ्यायचात आणि यंत्रमागाच्या तेलाचा वास असलेल्या हातांनी चोळायचात. "पोरीचं पाय बघ की गं, बर्फावानी झाल्यात," असं आईला सांगायचात. बर्फ आपल्यापैकी कुणी पाहिला नव्हता, आइसफ्रूटच्या गाडीतला सोडून. आता मी तो दर हिवाळ्यात बघते. पायांना मात्र लोकरीचे दोन मोजे घालूनही काही फरक पडत नाही, कारण ही थंडी बाहेरची नाही.

बाई कोण, ते आधी सांगते. तुम्ही गेलात तेव्हा मी बारावीत होते. नंतर मी इंजिनिअर झाले, आपल्या घरातली पहिली पदवी, आणि आईने ती चौकट करून तुमच्या फोटोशेजारी लावली. आता इथे कार्ल्सरूहेला पुढचं शिकते आहे आणि शिकता शिकता एका छोट्या सिनेमा थिएटरात संध्याकाळी तिकिटं फाडते. मोठी थिएटरं जे लावत नाहीत ते जुने, परदेशी सिनेमे इथे लागतात. दर बुधवारी दुपारी म्हाताऱ्या माणसांसाठी एक खेळ असतो, कॉफी आणि केकसकट. त्या खेळाला एक उंच, ताठ बाई यायच्या आणि शेवटच्या रांगेत दाराजवळ बसायच्या. एकदा त्या सिनेमा अर्धा टाकून बाहेर आल्या. मला वाटलं बरं वाटत नसेल. मी पाणी पुढे केलं. त्यांनी ते घेतलं नाही. दाराकडे बोट करून म्हणाल्या, "आत ती पांढऱ्या झग्यातली मुलगी दिसते ना, ती मी आहे. पण जी बोलते आहे ती मी नाही."

मला काही कळलं नाही. मी दार किलकिलं करून पाहिलं. पडद्यावर एक विशीतली मुलगी समुद्राकडे पाठ करून बोलत होती. तीच हनुवटी, तेच रुंद कपाळ. आवाज गोड होता, जर्मन होता, आणि खरंच, तो त्या चेहऱ्याचा वाटत नव्हता. इथे परदेशी सिनेमे जर्मन आवाजात डब करून दाखवतात, आणि ते इतकं सवयीचं आहे की कुणाला खटकत नाही.

बाई स्वीडनच्या. मी त्यांना मनात बाईच म्हणते, आपल्याकडे जुन्या नटीला म्हणत तसं. तोंडावर अर्थातच फ्राऊ आणि पुढे आडनाव. पुढच्या बुधवारी त्यांनी मला घरी बोलावलं. ट्रामच्या शेवटच्या थांब्याजवळ दुसऱ्या मजल्यावर त्यांचं घर आहे. जिन्यातच मला वेलदोड्याचा वास आला आणि मी थबकले. तुम्हाला खोटं वाटेल, पण स्वीडनमध्ये गोड पावात वेलदोडा घालतात, तोही सढळ हाताने. त्या देशाच्या आसपास कुठे वेलदोड्याचं झाड नाही. मी स्वयंपाकघरात उभी राहून तो पाव खाल्ला आणि मला पाडव्याचं श्रीखंड आठवलं, आईने खलबत्त्यात कुटलेली वेलदोड्याची पूड आठवली.

त्या स्वयंपाकघरात मी बाईंचं आयुष्य ऐकलं, तुकड्या-तुकड्यांनी. त्यांच्या तरुणपणी तिकडे नट म्हणजे हिवाळाभर नाटक आणि उन्हाळ्यात सिनेमा. उन्हाळा एवढासा, पण तेव्हा दिवस मावळता मावळत नाही, म्हणून सगळं बाहेरचं चित्रीकरण त्यात उरकायचं. दिग्दर्शक दरवर्षी आपलीच माणसं घेऊन एखाद्या बेटावर जायचा. तीच नटमंडळी, तोच कॅमेरावाला, तीच स्वयंपाकीण. हिवाळ्यात जी राणी होती ती उन्हाळ्यात मोलकरीण व्हायची आणि कुणाला त्याचं काही वाटायचं नाही. बाईंचा दिग्दर्शक दीपगृह सांभाळणाऱ्याचा मुलगा होता. तो कायम हात खिशात घालून उभा राही, आणि वर्तमानपत्रवाले लिहीत की काय त्याचा रुबाब. "रुबाब कसला," बाई हसल्या. "त्याचे हात थरथरायचे. प्रत्येक सिनेमाच्या पहिल्या दिवशी त्याला वाटायचं की आज लोकांना कळणार, याला काही येत नाही." त्यांच्याबरोबरचा नायक देखणा होता, पण काम मिळेनासं झाल्यावर आपल्या गावी परतला आणि शाळेतल्या मुलांना पोहायला शिकवू लागला. त्याला त्यात सुख मिळालं, असं बाई म्हणतात. "आमच्यातल्या ज्या अमेरिकेला गेल्या त्या मोठ्या झाल्या. मी लग्न करून जर्मनीत आले आणि मुकी झाले." इथल्या सिनेमांत त्यांना कामं मिळाली, पण त्यांचे जर्मन उच्चार चालायचे नाहीत. चेहरा त्यांचा, आवाज दुसऱ्या कुणाचा. आणि आधीचे स्वीडिश सिनेमे इथे आले तेही डब होऊनच. इतकी वर्षं या देशात राहून त्यांचा खरा आवाज पडद्यावर कुणी ऐकला नव्हता. शेजारच्या बेकरीवालीनेसुद्धा नाही.

मग शरद ऋतूत आमच्या थिएटरच्या मॅनेजरने स्वीडिश सिनेमांचा एक आठवडा ठरवला. बाई इथेच राहतात हे कळल्यावर तो नाचायचाच बाकी होता. त्याने समुद्राच्या त्या सिनेमाची मूळ स्वीडिश प्रिंट मागवली आणि बाईंना पाहुण्या म्हणून बोलावलं. फिल्मचे डबे आले, उघडले, तर आत तीच जर्मन डब केलेली प्रिंट. बदलायला वेळ नव्हता. मॅनेजर कपाळाला हात लावून बसला. बाई शांतपणे म्हणाल्या, "शेवटच्या प्रसंगात आवाज बंद करा. मी पडद्याशेजारी उभी राहून बोलते. माझं मी."

हे ठरल्यावर आम्ही दोघी ट्रामपाशी आलो तेव्हा त्यांनी माझा दंड धरला. "मी शब्द विसरते," त्या म्हणाल्या. "नेहमी नाही. कधीकधी. जर्मन आधी जातं, पण आता स्वीडिशही जातं. मुलगा त्या दिवशी येणार आहे. त्याने तिकडे त्याच्या घराजवळ वृद्धाश्रमात खोली बघून ठेवलीय. तो वाईट नाही. पण मी लोकांसमोर अडखळले तर तो हे घर बंद करेल, आणि मला त्याच्याशी भांडता येणार नाही." आणि मग, का कोण जाणे, मी त्यांना तुमच्याबद्दल सांगितलं. माझे वडील प्रॉम्प्टर होते म्हणून.

बाई ट्राममध्ये चढायच्या थांबल्या. इथल्या नाटकात अजूनही तो माणूस असतो. बहुतेक स्त्रीच असते, सुफ्लोझ म्हणतात तिला, आणि ती पक्की नोकरी असते, पेन्शनसकट. माझे वडील ते काम चहा आणि भज्यांवर करत, हे मी त्यांना सांगितलं नाही. "मग तुला येत असेल," त्या म्हणाल्या. मी नाही म्हणायला हवं होतं. मी "या" म्हणाले, आणि इथे त्याचा अर्थ हो असा होतो.

मला खरंच किती येतं, ते तुम्हाला माहीत आहे. इचलकरंजीला कामगार नाट्यस्पर्धेत तुम्ही विंगेत पुस्तक धरून बसायचात आणि मी तुमच्या गुडघ्याला टेकून. दिवसभर मागांच्या खडखडाटात काम करून तुम्हाला दोन गोष्टी साधल्या होत्या. समोरच्याच्या ओठांवरून बोलणं वाचायचं, आणि इतक्या हळू बोलायचं की नटाला ऐकू जावं पण परीक्षकाला नाही. एका वर्षी तुम्हाला खोकला झाला म्हणून पुस्तक माझ्या हातात आलं. तिसऱ्या अंकात मुलगा गेल्याची बातमी येते आणि म्हातारा बाप गप्प उभा राहतो. मला वाटलं, बापाचं काम करणारे काका विसरले. मी घाईघाईने वाक्य दिलं, तेही मोठ्याने. प्रेक्षकांत हशा पिकला. काका रंगमंचावर तसेच उभे, डोळ्यांत पाणी, आणि पुढे हसणारे लोक. घरी आल्यावर मला ओट्यावर बसवून म्हणालात, "थांबल्याल्या माणसाला ढकलायचं न्हाई, पोरी. त्यो थांबलेला होता, इसरलेला न्हवता."

"मला कसं कळणार?" मी रडत विचारलं.

"पायाकडं बघायचं. त्वांड खोटं बोलतंय, हात पण बोलत्यात. इसरला की माणूस पाय हलीवतोय, पळून जायला वाट बघतोय जणू. थांबला असला की पाय रोवून हुबा ऱ्हातोय."

एवढीच तुमची विद्या माझ्याकडे होती. स्वीडिश एक अक्षर येत नव्हतं. बाई स्वयंपाकघरात ओट्याला पाठ लावून वाक्यं म्हणत आणि मी ती ऐकून देवनागरीत लिहून घेत होते. त्यांची लिपी वाचताना माझी जीभ जर्मन वळणावर जायची, देवनागरीत मात्र जसं ऐकलं तसं उतरत होतं. हेल दाखवायला मी अक्षरांखाली खुणा केल्या, शाळेत कवितेच्या मात्रांना करायचो तशा. प्रत्येक वाक्याखाली बारीक अक्षरात अर्थ. बाईंनी ते कागद उलटसुलट करून पाहिले. "माझी वाक्यं दोरीवर वाळत घातल्यासारखी दिसतात," म्हणाल्या.

आमच्या इमारतीत पुण्याच्या एक वहिनी राहतात. नवरा सॉफ्टवेअरमध्ये, मुलगी इथल्या बालवाडीत. मी त्यांच्याकडे जेवायला गेले तर ताटावरही पुटपुटत होते. "अगं, मास्टर्सला आलीयस की नाटक कंपनीत?" वहिनी म्हणाल्या. "हे काय, मंत्र म्हणतेस?" त्यांची मुलगी माझ्या तोंडाकडे बघून आईला जर्मनमध्ये म्हणाली की ताई आजारी आहे का. "आजारी नाही गं, घाबरलीय," वहिनी म्हणाल्या आणि माझ्या पानात आणखी आमटी वाढली. त्यांनी नेमकं ओळखलं होतं. मला रोज एकच दृश्य दिसायचं. बाई गप्प, सगळे लोक गप्प, मी वाक्य देते आणि ते चुकीचं असतं, आणि त्या एका वाक्याने एका माणसाचं घर जातं.

खेळ संध्याकाळचा होता. लोक भरपूर. मुलगा दुसऱ्या रांगेत बसला होता, बाईंसारखाच उंच, गाड्यांच्या कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर. घडी न केलेला कोट मांडीवर, जणू लगेच उठायचं आहे. मला मॅनेजरने पडद्याच्या डाव्या बाजूला जाड कापडाच्या घडीआड स्टुलावर बसवलं, हातात छोटी विजेरी. तिथून मला बाई दिसत होत्या, काळा झगा, सपाट चपला, आणि त्यांच्या डोक्यावर पडदा, त्यात प्रचंड मोठी ती विशीतली मुलगी. शेवटचा प्रसंग आला. आवाज बंद झाला. नुसती प्रोजेक्टरची घरघर उरली, आणि अण्णा, क्षणभर ती मला मागांसारखी वाटली.

बाई बोलायला लागल्या. तो आवाज गोड नाही. तो खरखरीत आहे, खालच्या पट्टीतला, आणि पडद्यावरच्या ओठांवर तो असा बसला जसा तिथेच जन्माला आला असावा. लोकांच्या श्वासातला फरक मला ऐकू आला. तीन-चार वाक्यं झाली. मग त्यांचा उजवा पाय हलला. चपलेचा पुढचा भाग वर झाला, पुन्हा टेकला, पुन्हा वर झाला. वर ओठ हलू लागले होते. मी शब्द दिला. पुटपुटल्यासारखा, तुम्ही द्यायचात तसा, ओठ फारसे न हलवता. त्यांनी तो माझ्याकडे न बघता उचलला आणि पुढे गेल्या. कुणाला काही कळलं नाही. मुलाने कोट खाली ठेवला, ते मी पाहिलं.

आणि मग शेवटचं वाक्य. नवरा होडीतून जातो आहे आणि ती मुलगी म्हणते, मी इथेच तुझी वाट बघेन. पडद्यावर तिने तोंड उघडलं. बाई गप्प. मॅनेजर दारातून मला हातवारे करायला लागला, दे, दे म्हणून. वाक्य माझ्या विजेरीच्या उजेडात होतं, देवनागरीत, खुणांसकट. बाईंनी मान वर करून त्या मुलीकडे बघितलं. मी त्यांच्या पायांकडे बघितलं. दोन्ही चपला जमिनीवर टेकलेल्या, जवळजवळ. वरच्या मुलीने आवाजाशिवाय सगळं वाक्य म्हटलं आणि मी ते तिच्या ओठांवरून वाचलं, तुमच्यासारखं. मग तोंड मिटलं, समुद्र आला, आणि दिवे लागले.

टाळ्या वाजल्या, पण आधी थोडं थांबून, जसं लोक एकमेकांकडे बघून ठरवतात. बाहेर येताना एक बाई नवऱ्याला म्हणाली, बिचारीला शेवट आठवला नाही. मॅनेजर मला म्हणाला, "होतं असं, या वयात. पण तू तरी का नाही दिलंस?" मी विजेरी विझवून त्याच्या हातात दिली.

मागच्या खोलीत मुलगा आईसमोर उभा होता. "तर मग, आई," तो हळू बोलत होता, लहान मुलाशी बोलावं तसं, "छान झालं. पण शेवटी काय झालं?"

"काही नाही झालं," बाई म्हणाल्या. "त्या मुलीवर आयुष्यभर कुणाचा ना कुणाचा आवाज होता. आज पहिल्यांदा एका वाक्यापुरता कुणाचाच नव्हता. मग माझा तरी कशाला?"

त्याला ते पटलं नाही. त्याला ते पटावंसं फार वाटत होतं, हेही दिसत होतं. तो माझ्याकडे वळला. "तुम्ही तिथे बसला होतात. खरं सांगा, ती विसरली का?"

"नाही," मी म्हणाले. "त्यांचे पाय हलले नाहीत." आणि मग मला ते सगळं सांगावं लागलं, इचलकरंजीचं, विंगेचं, तुमचं. गडबडीत माझ्या जर्मन व्याकरणाचा पार चुराडा झाला. शेवटी तो आईच्या चपलांकडे बराच वेळ बघत राहिला. "गेनाऊ, अगदी बरोबर," बाई म्हणाल्या. "तुझ्या बापाला जे कळलं नाही ते हिच्या बापाला माहीत होतं." तो हसला, पण डोळे पुसत. म्हणाला, वसंतापर्यंत बघू.

आता वसंत आला आहे. समोरच्या फुटपाथवर जांभळी रानफुलं उगवलीत. हिवाळाभर मी आठवड्यातून एकदा जात राहिले. बाईंनी दोनदा पाव जाळले. एकदा मला त्यांच्या बहिणीच्या नावाने हाक मारली आणि पूर्ण दुपार तीच समजून बोलत राहिल्या, स्वीडिशमध्ये, आणि मी मान हलवत राहिले. पण त्या घरात त्यांना प्रत्येक कप कुठे आहे ते हातांना माहीत आहे. खिडकीत बसून त्या खालच्या मुलांना स्वतःच्या स्वीडिश भाषेत ओरडतात आणि ती मुलं हात हलवतात. उद्या मुलगा मला पुन्हा विचारेल, ती विसरते का. या वेळी मला नाही म्हणता येणार नाही. खोटं बोलायचं नाही हे मी ठरवलंय. पण त्यांच्याऐवजी उत्तरही द्यायचं नाही. मी त्याला सांगणार आहे की आधी त्यांना विचारा, आणि त्या बोलायच्या थांबल्या तर घड्याळ बघू नका. मी त्यांच्या बाजूला बसेन. पाय हलले तर एक शब्द देईन, आणि गप्प बसेन. यातून घर वाचेल की नाही, मला सांगता येत नाही. मला भीती वाटते की नाही वाचणार.

हे पत्र कुठे पाठवणार. आईला पाठवलं तर ती चौकटीमागे खोचून ठेवेल आणि शेजारणीला सांगेल की पोरगी तिकडे सिनेमात काम करते. ते इथेच त्या देवनागरी कागदांत राहील.

एक गोष्ट मात्र मी त्या दिवशी मुलाला सांगितली नाही, आणि बाईंनाही नाही. बाईंचे पाय रोवलेले होते, हे खरं आहे. मी ते नीट बघितलं होतं. त्या दोघांना वाटलं, पोरगी हुशार, थांबायचं कधी ते तिला कळलं. पण अण्णा, त्या वेळी माझा घसा असा बंद झाला होता की ते पाय हलले असते तरी माझ्या तोंडून शब्द बाहेर आला असता की नाही, मला माहीत नाही. तुमचं कधी असं झालं होतं का, विंगेत? मी गुडघ्याला टेकलेली असायचे, पण मी तेव्हा नेहमी नटांच्या पायांकडे बघायचे. तुमच्या पायांकडे कधी बघितलंच नाही.